पाण्यातल्या शिडीला आठ पायऱ्या: एका अतिवास्तववादी स्क्रीनप्रिंटच्या प्रकल्प नोंदी

६ फेब्रुवारी: मांडणी

चित्र ठरलं ते असं. रिकामी खोली, जमिनीच्या जागी निवांत पाणी. पाण्यात पाच पायऱ्यांची एक शिडी सरळ उभी, कशालाही न टेकलेली. तिच्या प्रतिबिंबाला मात्र आठ पायऱ्या. डाव्या भिंतीत खिडकी. खिडकीबाहेर भर दुपार, खोलीत रात्र. उजवीकडे पाण्यावर एक लाल चेंडू. चित्र उभं, ४० × ५५ सेंमी. ताव ५० × ६५ सेंमीचे, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), शंभर टक्के सुती, गुळगुळीत पोताचे. आवृत्ती २४ प्रतींची. स्क्रीनप्रिंटमध्ये ताणलेल्या जाळीतून शाई स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याने, कागदावर उतरवतात; दर थराला एक फेरी. आठ फेऱ्या म्हणजे प्रत्येक ताव आठ वेळा जाळीखालून जाणार आणि वाटेत काही बाद होणार, म्हणून सुरुवात ३८ तावांनी.

कच्च्या आराखड्यात आणखी बरंच होतं: हवेत तरंगणारा मासा, काटे नसलेलं घड्याळ, आतल्या बाजूला फुगलेला पडदा. सगळं काढलं. स्वप्नातल्या वस्तू बहुतेक नेहमीच्याच असतात. खुर्ची खुर्चीसारखी, दार दारासारखं. एखादीच गोष्ट चुकलेली असते आणि स्वप्न पाहणाऱ्याला ती चुकलेली वाटतच नाही. कागदावर हे जमवायचं तर ती एक गोष्ट सोडून बाकी सगळं काटेकोर लागतं. नियम दिसला नाही तर तो मोडलेला तरी कसा दिसणार? या चित्रात तीन नियम मोडायचे ठरले. वस्तूचा: आठ पायऱ्या. उजेडाचा: दुपार खिडकीतून आत येत नाही. रंगाचा: अंधारातही लाल लालच राहतो. चौथा मोडायचा नाही. भिंती, खिडकीची चौकट, पाण्याची कड हे सगळं पट्टी लावून, आत जाणाऱ्या सगळ्या रेषा एकाच बिंदूला मिळणाऱ्या.

प्रतिबिंब दोन प्रकारे काढून पाहिलं. शिडीच्या उंचीतच आठ पायऱ्या दाटीवाटीने बसवल्या तर ती चित्र काढणाऱ्याची चूक वाटते. दोन पायऱ्यांमधलं अंतर तेच, ३.२ सेंमी, ठेवून प्रतिबिंब खाली लांबवलं की पाणी एकदम खोल होतं आणि शिडी त्यात उतरत गेल्यासारखी दिसते. दुसरा प्रकार घेतला. शिडी पाण्याला टेकते ती जागा तळापासून २८ सेंमीवर. आठ पायऱ्यांना २५.६ सेंमी लागतात, म्हणजे शेवटच्या पायरीखाली २.४ सेंमी पाणी उरतं. तेवढं पुरतं. ही शेवटची पायरी चित्राच्या कडेने कापली गेली असती तर पायऱ्या मोजता आल्या नसत्या, आणि या चित्रात त्या मोजता यायलाच हव्यात.

८ फेब्रुवारी: रात्रीचा रंग

काळा रंग घालून रात्र होत नाही, चित्र फक्त काळवंडतं. चेक शरीरशास्त्रज्ञ योहान पुर्किन्ये याने १८१९ मध्ये टिपलेली गोष्ट इथे कामाची आहे: उजेड कमी होत जातो तसे लाल रंग आधी काळपट पडतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ दिसू लागतात. दिवसाच्या उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळट हिरव्याला, सगळ्यात संवेदनशील असतो. अंधारात हा बिंदू ५०७ नॅनोमीटरपर्यंत, निळसर हिरव्याकडे, सरकतो. म्हणून खोलीची रात्र निळी-हिरवी, मधल्या उजेडाची, आणि तिच्यात तांबूस काहीही उठून दिसणार नाही अशी ठेवायची. रात्र इतकी खरी झाली की मगच लाल चेंडू विचित्र वाटेल. शास्त्राप्रमाणे त्या जागी काळपट गोळा दिसायला हवा. तिथे दुपारचा लाल असेल.

दिवस आणि रात्र एकाच चौकटीत ठेवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग बेल्जियन चित्रकार रने माग्रितचा. खाली दिव्याच्या उजेडातला अंधारा रस्ता आणि वर निळं, ढगांचं दिवसाचं आकाश, अशी चित्रं त्याने १९४९ पासून अनेक वर्षं पुन्हापुन्हा रंगवली. त्या चित्रांमधून घेण्यासारखी गोष्ट अशी की आकाश मुळीच भडक नाही. साधं, फिकट, कुठल्याही दुपारचं आकाश. धक्का आहे तो शेजारच्या अंधाराचा.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवऱ्यूलने १८३९ मध्ये मांडलेला शेजारच्या रंगांचा नियमही मदतीला आहे: शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची झाक दुसऱ्यावर चढवतो. निळ्या-हिरव्याच्या मध्ये ठेवलेला लाल आपोआप जास्त लाल दिसतो. चेंडूचा व्यास २.६ सेंमी, म्हणजे चित्राच्या क्षेत्रफळाच्या पाव टक्क्याहूनही कमी. तरी नजर पहिल्यांदा तिथेच जाणार. त्यामुळे शाईला ओरडायला लावायची गरज नाही.

११ फेब्रुवारी: आठ फेऱ्या

पहिली फेरी: पूर्ण चित्रावर एकाच ओढीत तीन रंगांचं मिश्रण, तळाला फिकट पिवळा, मध्ये दुधी, वर फिकट आकाशी. दुसरी: खिडकी सोडून सगळीकडे अगदी पातळ गुलाबी. तिसरी: रात्र, पारदर्शक निळी, खिडकी, शिडी आणि चेंडू यांच्या जागा मोकळ्या. चौथी: पाण्याचा गडद निळा-जांभळा, हाफटोनमध्ये, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांत, तळाकडे दाट होत जाणारा. पाचवी: शिडीचा मातकट पिवळा. सहावी: लाल चेंडू. सातवी: सगळ्यात गडद कोपरे आणि भिंतीचा पोत. आठवी: रंग नाही, फक्त पाण्यावर चकाकी.

प्रतिबिंबासाठी वेगळी फेरी नाही, याचं कारण पाणीच सांगतं. फिकट वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं गडद दिसतं. चौथ्या फेरीत प्रतिबिंबाची जागा नुसती मोकळी सोडली की तिथे पहिल्या तीन थरांचा मिळून एक मध्यम निळा राहतो: शिडीपेक्षा गडद, पाण्यापेक्षा फिकट. जादाच्या तीन पायऱ्यांसाठी शाईचा एक वेगळा थेंबही पडत नाही. त्या चौथ्या फेरीची शाई न पडल्यामुळे तयार होतात. पारदर्शक थरांच्या छपाईतली ही सगळ्यात सुंदर शक्यता आहे, आणि अशा चित्राला तिच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही.

१३ फेब्रुवारी: पॉझिटिव्ह

पॉझिटिव्ह म्हणजे पारदर्शक फिल्मवरचा काळा आकार. जाळीवर उजेडाने कडक होणारा लेप, म्हणजे इमल्शन, असतो. एक्स्पोजरमध्ये फिल्ममधून त्यावर उजेड पडतो, काळ्याखालचा भाग मऊ राहून धुपतो आणि तिथून शाई उतरते. सरळ कडांची फिल्म छापून घेतली: खिडकी, शिडी, चेंडू, पाण्याचा हाफटोन. ढग आणि भिंतीचा पोत हाताने.

ढगांसाठी डेकॅलकोमनी. हे तंत्र अतिवास्तववाद्यांमध्ये ऑस्कर दोमिंगेझने १९३६ मध्ये आणलं आणि माक्स अर्न्स्टने ते तैलरंगांत नेलं. खरखरीत ड्राफ्टिंग फिल्मवर दाट काळा अपारदर्शक रंग चमच्याने ठेवायचा, वर काच दाबायची आणि एका कोपऱ्यातून सावकाश उचलायची. रंग शिरांसारखा, शेवाळासारखा फाटत जातो. घाईने उचलली तर नुसते डाग राहतात. फार दाबली तर सगळा रंग कडेला जातो आणि मधे राखाडी उरतं. बाराव्या प्रयत्नातला तुकडा घेतला. ढगांना वेगळी शाई नाही: हीच फिल्म दुसऱ्या फेरीच्या फिल्मला खिडकीच्या जागी चिकटवली, म्हणजे आकाशात तेवढाच अंधुक गुलाबी उमटेल.

भिंतीसाठी फ्रॉटाज, म्हणजे पोतावर कागद ठेवून घासणं. माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर केलेलं. फिल्मखाली खडबडीत फळी ठेवून मेणाच्या काळ्या पेन्सिलने घासलं. लाकडाच्या शिरा भिंतीवर आल्या की त्या आधी ओलीच्या डागांसारख्या आणि मग हळूहळू लाकडासारख्या वाटतात.

हाताने केलेल्या पॉझिटिव्हमध्ये एक सापळा असतो. डोळ्याला काळा दिसणारा रंग अतिनील किरण अडवेलच असं नाही. फिल्म दिव्यासमोर धरून पाहायची. काळ्यातून तपकिरी उजेड दिसला तर एक्स्पोजरमध्ये तिथलं इमल्शनही कडक होणार आणि आकार धुपणार नाही. उलट रुबिलिथची लाल फिल्म डोळ्याला आरपार दिसते, पण किरण पूर्ण अडवते. चेंडू रुबिलिथमधून कापला: कड धारदार येते आणि खालच्या खुणा दिसत असल्याने जागा अचूक बसवता येते.

रंग एकमेकांवर किती चढवायचे, हा प्रश्न पारदर्शक शाईत नाजूक असतो. जिथे दोन थर चढतात तिथे गडद रेघ येते, जिथे चुकतात तिथे फिकट फट. शिडीसाठी दोन्हींचा उपयोग करून घेतला. शिडीच्या पिवळ्याची फिल्म उजव्या कडेला ०.५ मिमी रुंद केली आणि डाव्या कडेला ०.२ मिमी आत घेतली. त्यामुळे प्रत्येक दांड्याच्या उजवीकडे बारीक गडद रेघ आणि डावीकडे, खिडकीच्या बाजूला, केसाएवढी उजळ फट. खोलीत दुपारची खूण एवढीच.

१५ फेब्रुवारी: जाळ्या

सपाट रंगांना ९०टी, म्हणजे सेंमीला ९० धागे. हाफटोनला १२०टी. चकाकीला ७७टी, कारण तिथे थर जाड हवा. चौकटी आतून ६५ × ८५ सेंमी. चित्राच्या चारही बाजूंना किमान १२ सेंमी मोकळी जाळी असली तरच स्क्वीजीचा दाब कडेला सारखा राहतो. ताण २२ न्यूटन प्रति सेंमी. त्याहून सैल जाळी ओढीबरोबर पुढे सरकते आणि जुळणी बिघडते.

हाफटोन सेंमीला १८ रेषांचा, ठिपका लंबगोल, कोन २२.५ अंश. धागे आणि रेषा यांचं प्रमाण पूर्णांकात आलं की नक्षीदार पट्टे, म्हणजे मोआरे, उठतात. १२० ला १८ ने भागलं की ६.६७ येतं, ते ठीक. तरी आकड्यांवर विसंबू नये. इमल्शन लावण्याआधी फिल्म कोऱ्या जाळीवर ठेवून उजेडासमोर धरली आणि सावकाश फिरवली. २० अंशांना लाटा दिसल्या, २४ ला पूर्ण गेल्या. चौकटीवर खूण करून फिल्म २४ लाच चिकटवायची ठरली. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि अख्खी आवृत्ती वाचते.

इमल्शन छपाईच्या बाजूने दोन थर, स्क्वीजीच्या बाजूने एक. आडवी ठेवून, छपाईची बाजू खाली करून, अंधारात वाळवली, म्हणजे इमल्शन छपाईच्या बाजूला उतरून तिथे सपाट होतं. हवा कोरडी हवी. वरून कोरडं आणि आतून दमट राहिलेलं इमल्शन एक्स्पोजरमध्ये नीट कडक होत नाही आणि धुताना कडा चिखलासारख्या सुटतात.

१६ फेब्रुवारी: एक्स्पोजर

२१ पायऱ्यांची करडी पट्टी (फिकटापासून गडदापर्यंतच्या छटांची) लावून चाचणी. पहिल्यांदा ९० सेकंद: पट्टीवर पाचव्या पायरीपर्यंत इमल्शन टिकलं. हवी सातवी. दर पायरीला उजेड सुमारे १.४ पट बदलतो, म्हणजे दोन पायऱ्यांना दुप्पट. म्हणून १८० सेकंद. सातवी मिळाली, पण १२०टी जाळीवर अगदी बारीक ठिपके बुजले. ही जाळी पांढरी होती. पांढरा धागा उजेड आडवा पसरवतो आणि फिल्मच्या काळ्याखालीही थोडा शिरकाव होतो. पिवळ्या धाग्याची जाळी घेतल्यावर ठिपके उघडले. पिवळा धागा अतिनील शोषतो, त्यामुळे वेळ २५० सेकंदांवर गेली. सपाट रंगांच्या पांढऱ्या जाळ्या १८० वरच ठेवल्या.

हाफटोनमध्ये १० टक्क्यांखालचा ठिपका टिकत नाही आणि ८५ च्या वरचा भरून जातो. शिवाय छापताना ठिपका फुगतो: फिल्मवरचा ५० टक्क्यांचा भाग कागदावर ६५ च्या आसपास दिसला. म्हणून मधला उजेड फिल्ममध्येच ३६ टक्क्यांवर आणला.

१९ फेब्रुवारी: शाई

पाण्यात मिसळणाऱ्या अक्रिलिक शाया, पारदर्शक बेसमध्ये, म्हणजे रंग नसलेल्या शाईत. खर्चाचा अंदाज: ९०टी जाळीतून चौरस मीटरला ढोबळमानाने २० मिली शाई जाते. चित्राचं क्षेत्रफळ ०.२२ चौरस मीटर, म्हणजे तावाला साडेचार मिलीच्या आत; ३८ तावांना १७० मिली. जाळीवर सतत साठा राहावा लागतो आणि चाचण्यांतही जाते, म्हणून मोठ्या भागांसाठी ४०० ग्रॅम. मिश्रण मध्येच संपलं तर तोच रंग पुन्हा जुळत नाही.

रात्र: बेस ३४० ग्रॅम, अल्ट्रामरीन ३६, थॅलो ब्लू १४, क्विनॅक्रिडोन मजेंटा १०. थॅलो ग्रॅमाग्रॅमाने घालायचा. दोन ग्रॅम जास्त पडला की सगळं मिश्रण पोहण्याच्या तलावासारखं होतं आणि परत फिरवता येत नाही. मजेंटा त्याची धार मोडतो. पाणी: बेस २१०, थॅलो ४८, मजेंटा ३०, रॉ अंबर १२. लाल: पायरोल रेड, बेस नावापुरता.

पहिल्या चाचणीत शुद्ध पायरोल लावलेला चेंडू चित्रावर चिकटवलेल्या टिकलीसारखा दिसला. त्यात रात्रीच्याच मिश्रणाचे ३ टक्के घातल्यावर तो पाण्यावर बसला, आणि निळ्याच्या शेजारी पुन्हा तेवढाच लाल दिसू लागला. शेवऱ्यूलचा नियम इतक्या जवळून पाहायला मिळणं हा आनंदच आहे.

सगळ्या चाचण्या छपाईच्याच कागदावर आणि पहिल्या दोन थरांवर. कोऱ्या पांढऱ्यावर पाहिलेला पारदर्शक रंग काहीच सांगत नाही. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे. अक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं. तासाभराने पाहूनच निर्णय.

२१ फेब्रुवारी: पहिली फेरी

तीन रंगांचा एकत्र ओघ. जाळीच्या कडेला तीन शाया शेजारी ओतल्या: पिवळी, दुधी, आकाशी. स्क्वीजी ७५ शोअरची (रबराच्या कडकपणाचं माप), धार काटकोनी आणि ताजी. जाळी कागदापासून ३ मिमी वर. पहिले आठ ठसे रद्दीवर. तेवढ्यात सीमा विरघळतात. स्क्वीजी आडवी किंचितही सरकली की पट्टे उठतात, म्हणून दोन्ही टोकांना कागदी टेपच्या मर्यादा लावल्या. चौदाव्या तावानंतर पिवळा दुध्यात फार मिसळून हिरवट होऊ लागला. शाई काढून पुन्हा तीन ओळी ओतल्या आणि मग दर बारा तावांना तेच केलं. प्रत्येक ताव थोडा वेगळा आहे. इथे ते चालतं. कुठलीही दोन आकाशं सारखी नसतात. दोन तावांवर पट्टे, बाद. राहिले ३६.

२२ फेब्रुवारी: दुसरी फेरी

गुलाबी: बेस २९०, मजेंटा ६, पिवळा ४. नीट गेली. छापल्यावर दिसतही नाही, पण कोपऱ्यावर झाकलेला कागद काढला की भिंत एकदम उबदार झालेली कळते. हा थर पुढच्या रात्रीला जांभळी झाक देणार.

२४ फेब्रुवारी: तिसरी फेरी आणि वाढलेला कागद

सकाळी पहिल्या तावावरच खिडकीची वरची कड ०.८ मिमी चुकली. तळाला जुळणी बरोबर, वर चूक, म्हणजे ताव हलला नव्हता, वाढला होता. सुती कागद हवेतला ओलावा घेऊन तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. रात्रभर खिडकी उघडी राहिलेल्या खोलीत रॅकवर ताव होते. गरम हवेने वाळवणं हा मोह टाळला: तो कागद तेवढ्यापुरता आकसतो आणि छापून झाल्यावर पुन्हा फुगतो, मग चूक पुढच्या फेरीत जाते. ताव छपाईच्या खोलीत गठ्ठा करून, फळीखाली, २४ तास ठेवले. दुसऱ्या दिवशी फरक ०.२ मिमीवर आला. चार ताव तपासण्यात गेले. राहिले ३२.

जुळणीला तीन थांबे: लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. नेहमी तेच कोपरे थांब्याला लागतात. तावाच्या मागे पेन्सिलने बाण काढलेला असावा; उलटा धरलेला एक ताव पूर्ण फेरी फुकट घालवतो.

रात्र पडली तसा खालचा ओघ जागा झाला. वरच्या आकाशीवर निळा थंड निळाच राहिला, मधल्या दुध्यावर राखाडी जांभळा झाला, तळच्या पिवळ्यावर हिरवट समुद्रासारखा. एकच शाई आणि तीन रात्री. भिंतीवर कोणीही रंग बदललेला नाही, तरी खोली खाली जाताना खोल होते.

२७ फेब्रुवारी: चौथी फेरी, पाणी

सगळ्यात अवघड फेरी. १२०टी जाळीत पाण्याची शाई पटकन सुकते. अकराव्या तावापासून बारीक ठिपके गायब होऊ लागले, म्हणजे उजळ पाणी ठिगळासारखं दिसू लागलं. ५ टक्के रिटार्डर, म्हणजे शाईचं सुकणं लांबवणारं द्रव्य, घातला. १० च्या वर जायचं नाही, नाहीतर थर चिकट राहतो आणि रॅकमधले ताव एकमेकांना धरतात. दर ओढीनंतर लगेच जाळी शाईने भरून ठेवायची, मग कागद बदलायचा. कागद आधी बदलणं ही सवय असेल तर ती मोडावी लागते. त्या वीस सेकंदांत ठिपके बंद होतात.

प्रतिबिंबाच्या तिरप्या कडा पहिल्या ठशात करवतीच्या दातांसारख्या आल्या. कारण इमल्शनचा थर पातळ: धाग्यांच्या खाचांमध्ये शाई शिरत होती. नवी जाळी छपाईच्या बाजूने एक थर जास्त देऊन केली. मग कडा स्वच्छ.

तीन ताव बाद, राहिले २९. आणि प्रतिबिंब दिसलं. शिडी अजून छापलेली नाही, तिच्या जागी फक्त फिकट गुलाबी पोकळी आहे. खाली पाण्यात मात्र आठ पायऱ्या. या टप्प्यावर चित्रात प्रतिबिंबच खरं आहे आणि शिडीचा पत्ता नाही. यातला एक ताव असाच, मोजणीतून वगळून, बाजूला ठेवला.

१ मार्च: पाचवी फेरी

शिडी. आकार लहान, जुळणी सोपी. डावीकडची फट आणि उजवीकडची रेघ ठरल्याप्रमाणे. भिंगाखाली पाहिलं तर फटीत गुलाबी-पिवळा दिसतो. लांबून तो उजेड होतो. राहिले २८.

३ मार्च: सहावी फेरी

लाल. एवढ्याशा ठिपक्यासाठी अख्खी जाळी, पण तो हाताने भरला तर कड ओळखू येते. पायरोल अर्धपारदर्शक असल्याने जिथे तो रात्रीवर ०.३ मिमी चढतो तिथे तपकिरी कड येते. ती चेंडूला वजन देते. जाळी किंचित वर सरकवून खालच्या अर्ध्यात कड रुंद ठेवली, वरच्या अर्ध्यात जवळपास नाही. एका तावावर इमल्शनच्या टाचणीएवढ्या भोकातून भिंतीवर लाल ठिपका पडला. निळ्या भिंतीवर दोन लाल म्हणजे चित्रच बदललं. ताव बाद, जाळीवर मागून टेप. पुढच्या प्रत्येक जाळीची भोकं छपाईआधी उजेडावर धरून बुजवली. राहिले २७.

५ मार्च: सातवी फेरी

गडद कोपरे आणि लाकडाचा पोत. काळा वापरला नाही. थॅलो, मजेंटा आणि अंबर यांचा दाट मेळ, जो पातळ जागी निळा आणि दाट जागी जवळजवळ काळा दिसतो. मूळ फिल्मवर कोपरे फार गडद घासले गेले होते. छपाईत खोली एखाद्या पेटीसारखी बंद झाली. फिल्मवरचा मेणाचा थर धारदार पात्याने खरवडून जाळी पुन्हा केली. भिंतीचा उजेड परत आला.

८ मार्च: आठवी फेरी

चकाकी फक्त पाण्यावर: चकचकीत पारदर्शक बेस, रंगाशिवाय, ७७टी. प्रतिबिंबावरही चकाकी, शिडीवर नाही. बेस जास्त घोटला तर बुडबुडे येतात आणि ते वाळल्यावर सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यांसारखे राहतात. मिश्रण रात्रभर झाकून ठेवलं आणि सकाळी न ढवळता वापरलं.

११ मार्च: चित्र पाहताना

पाच हजार केल्व्हिनच्या पांढऱ्या उजेडात, भिंतीवर, आधी दोन मीटरवरून. एवढ्या लांबून हाफटोनचे ठिपके विरतात, कारण त्यांच्यातलं अर्ध्या मिलीमीटरहून थोडं जास्त अंतर डोळा वेगळं करू शकत नाही. खोली एकसंध दिसते: शांत, निळी, थोडी दमट. खिडकी उजळ आहे, पण नजर तिथे थांबत नाही. ती लाल चेंडूवर जाते, तिथून पाण्यावर, मग शिडीवर. आठ पायऱ्या पहिल्या मिनिटात कळत नाहीत. हे यश आहे. फक्त प्रतिबिंब लांब वाटतं, आणि लांब का वाटतं हे शोधताना मोजणी सुरू होते.

मग हातभर अंतरावर. इथे चित्र वेगळं होतं. पाणी ठिपक्यांचं होतं, आणि प्रतिबिंबाच्या जागी ठिपके थांबतात. शिडीवर शाई आहे, प्रतिबिंबात तिचा अभाव. तरी दोन्ही तितक्याच खऱ्या वाटतात. खिडकीतले ढग जवळून शिरांसारखे, शेवाळासारखे दिसतात. काच उचलताना रंग जसा फाटला तसेच. हाताने आखलेली एकही रेघ त्यांत नाही, म्हणून ते सरळ खोलीत वेगळ्या जगातून आल्यासारखे राहतात.

कडेने, तिरप्या कोनातून पाहिलं की चकाकी पाण्यावर येते आणि भिंत मंद राहते. मान हलवली की पाणी हलतं. भिंतीतला लाकडाचा पोतही याच कोनात सापडतो, समोरून तो लपलेला असतो.

पिवळट बल्बखाली नेल्यावर भिंतीची जांभळी झाक तपकिरीकडे गेली, रात्र शिळी वाटली, आणि लाल चेंडू मात्र जास्त पेटला. चित्र लावताना पांढरा उजेड, डावीकडून, खिडकी ज्या बाजूला आहे त्या बाजूने. समोरून दिवा लावला तर चकाकीत दिव्याचाच गोळा दिसतो आणि चेंडूशी स्पर्धा करतो.

एक गोष्ट अजून खुपते. खिडकीच्या खालच्या चौकटीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची ०.२ मिमी फट राहिली आहे. सहा प्रतींत ती स्पष्ट आहे, बाकीच्यांत नाही. त्या सहा शेवटच्या क्रमांकांना द्यायच्या.

१३ मार्च: क्रमांक

२७ ताव. २४ क्रमांकित, तीन कलाकाराच्या प्रती. खाली पेन्सिलने डावीकडे क्रमांक, उजवीकडे सही. पेन्सिल कागदात रुतते आणि पुसली तर खूण ठेवते, शाईचं पेन कालांतराने फिकटतं. पहिल्या फेरीचा ओघ प्रत्येक प्रतीत वेगळा असल्याने प्रती क्रमाने मांडून पाहिल्या: पहिल्या दहांत तळ पिवळा, पुढे हिरवट होत जातो. चौथ्या फेरीनंतर बाजूला ठेवलेला, शिडी नसलेला ताव या २७ मध्ये धरलेला नाही. तो क्रमांकाविना, मागे तारीख लिहून, फाइलमध्ये. जाळ्या धुतल्या, फक्त पाण्याची १२०टी ठेवली आहे.